नॉमिनीचा रकाना : सुटून आलेल्या बायकांनीच उभ्या केलेल्या संघटना

जुनी_पासबुक

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "धाड घालून मुली सोडवल्या अशी बातमी येते, पण पुढे त्यांचं होतं काय?" तेव्हा "सवडीने लिहिते" म्हणून मी सटकले होते. सवड झाली. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी बँकेतून निवृत्त झाले. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी काउंटरवर. निवृत्तीनंतर एका मैत्रिणीने मला एका महिला निवासात ओढलं. (कुठलं ते लिहीत नाही, विचारूही नका.) कुंटणखान्यांतून सोडवलेल्या मुली तिथे ठेवतात. माझ्याकडे काम एकच होतं, बाहेर पडण्याआधी त्यांची बँक खाती उघडून द्यायची. म्हटलं, हा तर हातचा मळ!

पहिल्याच मुलीला घेऊन शाखेत गेले. आधारवर पत्ता निवासाचा. काउंटरवरच्या मुलाने पत्ता वाचला, एकदा वर बघितलं, परत फॉर्मात डोकं घातलं. बोलला काहीच नाही. तिने मात्र ओढणी सारखी केली. माझा जन्म काउंटरच्या आतल्या बाजूला गेला. तसं वर बघणं माझ्याकडूनही किती वेळा झालं असेल, देव जाणे.

मग सही. मागच्या कोऱ्या कागदावर तिने तीन वेळा गिरवून पाहिली. मला वाटलं सराव करतेय. तसं नव्हतं, कुठल्या नावाची सही करायची तेच ठरत नव्हतं. घरचं नाव एक, कुंटणखान्यात ठेवलेलं दुसरं, आणि पोलिसांच्या कागदात तिसरंच काहीतरी पडलेलं.

शेवटी नॉमिनी. मी सवयीने विचारलं, "आईचं लिहू?"

"आईनेच पाठवलं होतं."

जरा वेळाने तीच म्हणाली, "रिकामं ठेवलं तर चालतं का?" चालतं. नॉमिनी नको असं लिहून द्यावं लागतं, ते तिने दिलं.

घरी आल्यावर मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तू काठमांडूच्या शक्ती समूहाबद्दल वाच. वाचलं, आणि लक्षात आलं की ही गोष्ट तर आपल्या मुंबईतूनच सुरू होते.

फेब्रुवारी १९९६. पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपासच्या कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी घातल्या. पाचशेच्या आसपास मुली सोडवल्या. त्यांतल्या दोनशेच्या वर नेपाळच्या होत्या, बऱ्याचशा अल्पवयीन. त्यांना इथल्या सरकारी गृहांमध्ये ठेवलं आणि नेपाळ सरकारला कळवलं. तिकडून काय उत्तर आलं असेल? या आमच्याच कशावरून, कागद कुठे आहेत? वर एचआयव्ही घेऊन येतील ही भीती. मुली महिनोन् महिने इथेच अडकल्या. अखेर नेपाळमधल्या काही स्वयंसेवी संस्थांनी जबाबदारी घेतली आणि जुलैत १२८ जणी काठमांडूला पोचल्या.

त्यांतल्याच पंधरा-सोळा जणींनी मिळून जो गट केला, तोच शक्ती समूह. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनी स्वतः काढलेली नेपाळमधली ही पहिली संघटना. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). संघटना नोंदवायची तर संस्थापकांकडे नागरिकत्वाचा दाखला हवा. दाखला हवा तर बापाने नाहीतर नवऱ्याने पुढे व्हायला हवं. ज्यांना घरच्यांनी दार उघडलं नाही, त्यांनी बाप कुठून आणायचा? नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं. त्यामुळे मुलींना नागरिकत्वाचे कागद मिळवून देणं हे त्यांचं सुरुवातीपासूनचं मोठं काम होऊन बसलं. बाहेरून मदतीला आलेल्याला कपडे, औषधं, निवारा सुचतो. कागद आधी सुचायला कागदावाचून अडलेलं असावं लागतं.

संस्थापकांपैकी चरीमाया तामाङ सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या. सोळाव्या वर्षी मुंबईत विकल्या गेल्या, बावीस महिने तिथे काढले. परत गेल्यावर १९९७ मध्ये त्यांनी आपल्याला विकणाऱ्यांवर स्वतः खटला भरला. नेपाळमध्ये असं करणाऱ्या त्या पहिल्याच, आणि आठ जणांना शिक्षा झाली. गावात तोंड दाखवायची चोरी असताना कोर्टात उभं राहून नावं घ्यायची, हे मी नुसतं वाचलं तरी पोटात गोळा आला. दुसऱ्या संस्थापक सुनीता दनुवार, त्यांनी पुढे संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. २०१३ मध्ये शक्ती समूहाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या पेपरांत तेव्हा कितीशी जागा मिळाली, मला आठवत नाही.

आपल्याकडेही असे गट आहेत. पश्चिम बंगालमध्ये 'उत्थान', आंध्रात 'विमुक्ती', आणि अशा वेगवेगळ्या राज्यांतल्या गटांनी २०१९ मध्ये मिळून केलेला 'इल्फॅट' हा मंच. महाराष्ट्रातलं कुणाला माहीत असेल तर लिहा.

---

अबोली

वाचतेय. नॉमिनीपाशी थांबले होते, आता पुढचं वाचलं.

---

हेमंत_७१

ताई, लिहिलंय छानच, पण एक शंका. रागावू नका. सोसलं म्हणजे काम करायची अक्कल येते असं थोडंच आहे? हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस हृदयरोगतज्ज्ञ होत नाही. संस्था चालवायची तर हिशेब, कायदा, सरकारदरबारी ये-जा, सगळं आलं. बळी पडलेल्या व्यक्तीवर पुन्हा हे ओझं कशाला?

---

जुनी_पासबुक

हेमंतराव, रागावण्यासारखं काही नाही. पण तज्ज्ञाला नस कळते, रात्री वॉर्डातली बेल वाजवली तर कुणी येतं का हे पेशंटलाच माहीत असतं. मी म्हणते ते या दुसऱ्या माहितीबद्दल.

भारत-नेपाळ सीमा उघडी आहे, दोन्हीकडच्या लोकांना पासपोर्ट लागत नाही. मैती नेपाळ या संस्थेच्या सीमेवर चौक्या आहेत आणि तिथे सुटून आलेल्या मुलींनाच उभं करतात. माणूस म्हणतो ही माझी बायको, कागदही असतात, पोलीस सोडून देतो. पण जी स्वतः त्याच वाटेने गेली आहे तिला ती 'बायको' कशी उभी आहे यावरून कळतं. प्रश्न तिला विचारला आणि उत्तर त्याने दिलं, एवढंही पुरतं.

ओझ्याचं म्हणाल तर तो मुद्दा खरा आहे. सगळ्यांनी कार्यकर्ती व्हावं असं कुणीच म्हणत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच जणींना फक्त विसरायचं असतं, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

---

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. महाराष्ट्रातलं विचारलंत म्हणून लिहितो, पण तुमच्या मांडणीला जरा टाचणी लावणार आहे.

आमच्याकडे गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकांनी १९९६ मध्येच (योगायोग बघा) 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' काढली. व्हॅम्प म्हणतात. मीना सेषू यांच्या संग्राम संस्थेच्या एड्सविरोधी कामातून ती उभी राहिली. या बायका स्वतःला 'सुटलेल्या' म्हणवत नाहीत. आम्ही धंदा करतो, तो करताना आमच्यावर अन्याय होऊ नये, असं त्यांचं सरळ म्हणणं. आणि धाडींना त्यांचा कडाडून विरोध. अल्पवयीन पोरगी आणि पस्तिशीची बाई एकाच गाडीत भरायची, दोघींना 'पीडिता' लिहायचं आणि दोघींना कोंडायचं. वस्तीत नवी कोवळी पोर आणली तर पोलिसांच्या आधी शेजारच्या खोलीला कळतं, ती थांबवायची तर आम्हालाच सोबत घ्या, असं त्या म्हणतात. कोलकात्याच्या सोनागाछीत तर देहविक्री करणाऱ्या बायकांच्या दुर्बार समितीने त्यासाठी वस्तीतल्याच बायकांची मंडळं १९९७ पासून चालवली.

एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आमचं औषधाचं दुकान होतं. नव्वदच्या सुरुवातीला वस्तीतल्या बायका दुकानासमोर उभ्या राहायच्या नाहीत. बाजूच्या बोळात थांबायच्या, पोरगं आत पाठवायच्या. वडीलही पुडी पोराच्याच हातात द्यायचे. पाच-सहा वर्षांनी त्यांतलीच एक भर गर्दीत पुढून आली, गिऱ्हाइकांत रांगेत उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, "बिल पक्कं द्या, संघटनेत दाखवायचंय." वडिलांनी बिलबुक शोधायला दहा मिनिटं घेतली. कच्च्या चिठ्ठीवर धंदा चालायचा आमचा!

---

जुनी_पासबुक

टाचणी मान्य. आणि पक्क्या बिलाला नमस्कार.

मी ज्यांच्यात काम करते त्या जवळजवळ सगळ्या फसवून आणलेल्या, त्यामुळे माझा चष्मा त्याच रंगाचा आहे. पण एक सांगते. आमच्याकडेही एक होती जिला 'सोडवलं' हे पटतच नव्हतं. पस्तिशीच्या पुढची, तिची मुलगी बोर्डिंगात शिकत होती आणि फी भरायची तारीख निघून चालली होती. ती रोज विचारायची, "माझी शिक्षा किती दिवसांची?" मला उत्तर देता आलं नाही.

---

वकीलीण

उत्तर मी देते, कारण हा घोळ कायद्यातलाच आहे.

१९५६ चा पीटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम १७ खाली दंडाधिकारी चौकशी करून बाईला संरक्षणगृहात एक ते तीन वर्षं ठेवायचा आदेश देऊ शकतो. शिक्षा नाही, 'संरक्षण'. पण दाराला कुलूप बाहेरूनच! २०२० च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन सज्ञान तरुणींना सोडायचा आदेश दिला. या कायद्याखाली वेश्याव्यवसाय करणं हा स्वतः गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही, असं न्या. पृथ्वीराज चव्हाणांनी स्पष्ट लिहिलं. मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, गृहांमध्ये अडकलेल्या सज्ञान स्त्रियांची पाहणी करून त्यांच्या सुटकेचं बघा, असं राज्यांना सांगितलं.

दुसरं, 'सोसलेल्यांचं म्हणणं' असं एकच काही नसतं. २०१८ चं तस्करीविरोधी विधेयक आठवतंय? जुलैत लोकसभेत पास झालं, राज्यसभेत आलंच नाही, २०१९ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. बंगालमधल्या सुटून आलेल्या मुली ते व्हावं म्हणून धडपडत होत्या आणि देहविक्री करणाऱ्यांच्या संघटना ते होऊ नये म्हणून. दोघींनी सोसलंय. मी दोन्ही बाजूंची निवेदनं वाचली आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. हे सोयीस्कर उत्तर नाही, माझं खरंच तसं मत आहे.

तिसरं, भरपाई. हा हक्क फौजदारी संहितेत कलम ३५७ अ म्हणून होता, आता नव्या संहितेत कलम ३९६. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख रुपये आहेत. तस्करी झालेल्या मुलीवर बलात्कार झालेला असतोच, पण त्या कलमाखाली गुन्हाच नोंदवला नसेल तर? नुसता पीटा लावून मोकळे होतात. शिवाय अर्ज करायला कुणी सांगतच नाही. जिथे असे गट आहेत तिथे एकीने अर्ज केला की ती पुढच्या पाचजणींना घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात उभी राहते. माझ्यासारखीची फी वाचते, ते वेगळंच. :)

---

जुनी_पासबुक

वकीलीणबाई, भरपाईच्या पुढचा खड्डा माझ्या खात्यातला आहे, तो सांगते.

कागद नसलेल्यांसाठी बँकेत 'छोटं खातं' निघतं. नुसता फोटो आणि सही किंवा अंगठा. पण त्यात एरवी ५०,००० रुपयांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही (सरकारी अनुदानाच्या रकमेला यातून सूट आहे), वर्षाला एकूण जमा १ लाखापर्यंत, महिन्याला काढायचे १०,०००. नालसाच्या योजनेत भरपाईचे ७५ टक्के किमान तीन वर्षं मुदत ठेवीत जातात, २५ टक्के हातात. ४ लाखांचे २५ टक्के म्हणजे १ लाख. तो छोट्या खात्यातून काढायलाच दहा महिने! म्हणजे भरपाई मंजूर झाली तरी पैसा वेळेवर हातात यायला पूर्ण कागद हवेत. पुन्हा बाप, गाव, पत्ता. काठमांडूतल्या बायकांनी कागदांचा धोशा का लावला होता ते मला असं, फॉर्म भरताना, कळलं.

---

सह्यवेडा

तस्करी म्हटलं की सगळा धागा लाल दिव्याच्या वस्तीतच फिरतो, म्हणून लिहितोय. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातलं कातकरी मुलांचं प्रकरण आठवा. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्यावर पोरं मेंढ्या राखायला दिलेली. एक लहान मुलगी मेली तेव्हा ते उघडकीला आलं. ही तस्करीच. श्रमजीवी संघटनेने ते लावून धरलं.

आता श्रमजीवी म्हटलं की विवेक आणि विद्युल्लता पंडितांचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. पण वसईकडच्या वेठबिगारांच्या सुटकेतून ती संघटना उभी राहिली आणि तिचं बळ हे सुटलेले आदिवासीच आहेत. तिकडे तामिळनाडूतही सुटलेल्या वेठबिगारांची स्वतःची संघटना आहे.

इथेही कागदच. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे, सुटलेल्याला मुक्तीचा दाखला मिळतो. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३०,००० पर्यंत, आणि मोठी रक्कम (१ ते ३ लाख) मालकाला शिक्षा झाल्यावर. खटला किती वर्षं चालतो ते वकीलीणबाई सांगतीलच. तोवर माणूस परत वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेला असतो.

---

वकीलीण

सांगत नाही. जेवण जाणार नाही तुम्हाला.

---

न्यूजर्सीकर

उत्तम धागा. एक धोक्याची बाजू. इकडे अशा सभांमध्ये सोसलेल्या व्यक्तीला व्यासपीठावर बोलावून तिची 'कहाणी' सांगायला लावतात आणि मग देणग्यांचे लिफाफे फिरतात. कहाणी जितकी भयंकर, तितका लिफाफा जड. कंबोडियाच्या सोमाली माम यांचं उदाहरण गाजलं होतं. जगभर नाव, मोठं फाउंडेशन, आणि २०१४ मध्ये न्यूजवीकने त्यांच्या पूर्वायुष्याच्या हकिगतीवरच प्रश्न उभे केले. त्यांना फाउंडेशन सोडावं लागलं. नंतर त्यांच्या बाजूनेही लिहिलं गेलं, मी निवाडा करत नाही. पण दर वेळी थोडं जास्त रडकं सांगायची गरज कुणी निर्माण केली? ऐकणाऱ्यांनीच ना?

चांगलं म्हणायचं तर २०१५ च्या कायद्याने इथे अमेरिकेत सरकारला सल्ला द्यायला सुटून आलेल्यांचीच एक परिषद नेमली. तिथे त्यांना कहाणी विचारली नाही, धोरणाबद्दल मत विचारलं.

---

जुनी_पासबुक

म्हणूनच मी त्या मुलीचं गाव, राज्य, भाषा काहीच लिहिलं नाही. आणि वर लिहिलेलं तिला वाचून दाखवूनच टाकलंय. तिने एक वाक्य काढायला लावलं. कुठलं ते अर्थातच सांगणार नाही.

---

हेमंत_७१

ताई, माझी शंका मागे घेतो, निदान अर्धी. आमच्या क्लबतर्फे पाच शिलाई मशीन द्यायची तयारी आहे. कुठे पाठवू?

---

जुनी_पासबुक

हेमंतराव, मनापासून आभार, पण मशीन नकोत.

आमच्याकडे एक खोली आहे. तिच्यात अकरा मशीन आहेत, सगळ्यांवर फुलाफुलांची कव्हरं. दर दिवाळीला कुणीतरी एक देतं, फोटो काढतं, जातं. मुलींना विचारलं तर म्हणतात शिवणात पाठ मोडते आणि ब्लाउजमागे मिळतं काय? एकीला दुचाकी शिकून पार्सलं पोचवायची आहेत. एकीला मोबाइल दुरुस्ती. हैदराबादच्या प्रज्वला संस्थेत सुनीता कृष्णन यांनी मुलींना वेल्डिंग आणि सुतारकामाला लावलं, तेव्हा लोक हसले असतील. पण वेल्डिंगची कमाई शिवणापेक्षा जास्त आहे, आणि हातात ती ज्योत असली की समोरचा चार पावलं लांब उभा राहतो, हे एका मुलीचं शास्त्र!

पैसे द्यायचेच तर लायसन्सची फी आणि मोटार ट्रेनिंगचे द्या. त्याहून गरज आहे ती माणसाची. मंगळवारी आमची आधार केंद्रावर आणि बँकेत फेरी असते. रांगेत सोबत उभं राहायला कुणीतरी पोक्त दिसणारं हवं असतं. बोलायचं काही नाही. सोबत कुणी असलं की काउंटरवरचे लोक फारसं वर बघत नाहीत.

---

अबोली

ताई, त्या मुलीने पुढे नॉमिनी भरला का?

---

जुनी_पासबुक

भरला. दोनेक वर्षांनी आली होती, आता दोघीजणी मिळून खोली घेऊन राहतात. खोलीतल्या जोडीदारणीचं नाव दिलं. 'नाते' या रकान्यात काय लिहायचं यावर आमची थोडी चर्चा झाली. तिने 'मैत्रीण' लिहिलं. काउंटरवरच्या मुलाच्या यादीत तो पर्याय नव्हता, त्याने 'इतर' टाकलं. पावतीवर 'इतर' बघून ती जरा नाराज झाली, पण फॉर्मवर मैत्रीणच आहे, तो फॉर्म शाखेत राहतो, असं मी तिला सांगितलं.

---

हेमंत_७१

मंगळवारी किती वाजता, कुठे? पोक्त दिसतो, बायको तर म्हातारा म्हणते.

---

जुनी_पासबुक

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. साडेदहाला. पाण्याची बाटली आणा, सर्व्हर डाउन असतो.